‘कंदिसा’ पहिला नव्हे, दुसरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत देशातल्या स्वतंत्र रॉक बँडवर पानभर लेख आला. मी तो सकाळी दुकान उघडायच्या आधी वाचला आणि संध्याकाळी पुन्हा वाचला. मराठीत या विषयावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून लेखकाचे मनापासून आभार. पण त्यात ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडबद्दल ज्या चार ओळी आहेत, त्यांत एक चूक आहे आणि एक गोष्ट अर्धीच सांगितली आहे. चूक अशी की ‘कंदिसा’ला या बँडचा पहिला अल्बम म्हटलं आहे. अर्धी गोष्ट अशी की त्यातल्या ‘मां रेवा’ (रेवा म्हणजे नर्मदाच) या गाण्याची ओळख ‘नर्मदेचं जुनं भक्तिगीत, नव्या वाद्यांवर’ एवढ्यातच आटोपली आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे किरकोळ वाटेल. मी शहाद्याचा. नर्मदा आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून सुमारे ५४ किलोमीटर वाहते, म्हणजे वाहत होती. मला हे किरकोळ वाटत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण रेवानगरच्या मायबद्दलचा मजकूर तेवढा राहू द्या.

आधी माझी ओळख देतो. १९८८ पासून शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. अहिराणी गाणी, भजनं, कीर्तनं, लग्नाच्या बँडच्या कॅसेटी, सिनेमाची गाणी, सगळं ठेवायचो. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचं आणि मी ती गाणी साठच्या कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. अर्ध्या तासाच्या एका बाजूला सिनेमाची सहा गाणी बसत. डोंगरातून, म्हणजे धडगाव-मोलगीकडून येणारे लोक स्वतःच टेपवर भरलेलं काहीबाही घेऊन यायचे, होळीचे ढोल, लग्नातली गाणी, आणि त्याच्या दोन-तीन प्रती मागायचे. आज त्याच जागेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, मुलगा चालवतो. मी गल्ल्यावर बसतो.

त्या धंद्यात मी एक गोष्ट पक्की शिकलो. आमच्याकडच्या एखाद्या गायकाची पहिली कॅसेट निघाली की गावकी, भावकी, शाळेतले मास्तर, सगळे घेतात. ती मायेपोटीची खरेदी असते. दुसरी कॅसेट निघाली की तेच लोक काउंटरवर म्हणतात, ‘जरा लावून दाखवा.’ गायकाच्या बाजूनेही तसंच. पहिल्या कॅसेटीत त्याने लहानपणापासून साठवलेलं सगळं ओतलेलं असतं. दुसरीच्या वेळी ती शिदोरी संपलेली असते आणि मधल्या काळात तो काय जगला, काय ऐकलं, तेवढंच हातात उरतं. कितीतरी चांगले गळे मी दुसऱ्या कॅसेटीपाशी थांबलेले पाहिले. म्हणून कुणाची दुसरी कॅसेट निघाली की मी ती शांतपणे बसून ऐकायचो. ‘कंदिसा’ला पहिला म्हटलं की ही सगळी मधली वर्षं पुसली जातात, आणि माझ्या मते त्या अल्बमचं सारं बळ त्या मधल्या वर्षांत आहे.

हिशोब असा आहे. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांची ओळख १९८४ मधली. सुस्मित गिटार वाजवायचे, असीम तबला वाजवत गायचे. १९९० मध्ये ‘इंडियन ओशन’ हे नाव घेऊन बँड उभा राहिला. १९९३ मध्ये एचएमव्हीने त्यांचा पहिला अल्बम काढला, बँडच्याच नावाचा. त्यानंतर ‘डेझर्ट रेन’ आला, पण तो स्टुडिओतला नव्हे. १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत पथनाट्य करणारे सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ या कलावंतांच्या संस्थेने भरवलेल्या कार्यक्रमात हे लोक वाजवत होते, त्याचंच ते ध्वनिमुद्रण. आणि २००० मध्ये टाइम्स म्युझिकने ‘कंदिसा’ काढला. म्हणजे स्टुडिओत बसून केलेला दुसरा अल्बम. पहिल्या आणि दुसऱ्यात सात वर्षं. आमच्या अहिराणी कलाकारांना कंपन्या सात महिनेसुद्धा थांबू देत नसत.

या सात वर्षांत बँडची घडी बदलली. ड्रम्सवर अमित किलाम आले. ते गबगुबीही वाजवतात. गबगुबी म्हणजे बंगालच्या बाउल गायकांचं तारेचं वाद्य. काखेत धरून एका हाताने तार ताणायची आणि दुसऱ्याने छेडायची, की ते माणसासारखं हुंकार देतं. बास गिटारवर राहुल राम होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर डॉक्टरेट करून परतलेला हा माणूस. आणि त्याच नव्वदीच्या पहिल्या वर्षांत तो नर्मदा बचाव आंदोलनाचं काम करत खोऱ्यात होता. आपल्या लेखात हे एक वाक्यही नाही. ‘मां रेवा’ बँडकडे कुठून आलं याचं उत्तर तर तिथेच आहे. राहुल राम यांना ते खोऱ्यात मिळालं. कुठल्या जुन्या संग्रहातून ते उचललेलं नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

२००० सालची दिवाळी. १८ ऑक्टोबरला नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला होता. काम पुढे न्यायला परवानगी मिळाली, त्यातही लगोलग ९० मीटरपर्यंत. तीन न्यायमूर्तींपैकी न्या. भरुचा यांनी वेगळं मत दिलं होतं, पण बहुमताचा निकाल तो निकाल. दिवाळी आठवड्यावर आलेली, दुकानात गर्दी. डोंगरातले लोक बाजाराला उतरले होते, आणि एरवी स्टँडवर जो गलका असतो तो त्या आठवड्यात कमी होता एवढं मला आठवतं. दुपारी धडगावच्या गाडीने आंदोलनातला एक कार्यकर्ता उतरला. पुण्याकडचा मुलगा, चोविशी-पंचविशीतला, दाढी वाढलेली. शबनममधून त्याने कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. पट्टी बाहेर आलेली, चुरगळलेली, एका ठिकाणी तुटलेली.

‘दादा, टेपने खाल्ली. होईल का काही?’

मी म्हटलं, ‘ठेवून जा. संध्याकाळच्या गाडीआधी ये.’

हे काम मला आवडायचं. कॅसेटचे पाच स्क्रू बारीक पेचकसने काढायचे, वरची अर्धी बाजू अलगद उचलायची, म्हणजे आतल्या दोन्ही चकत्या आणि पॅडची पत्री जागच्या जागी राहतात. तुटलेली दोन्ही टोकं काचेवर एकमेकांवर ठेवून ब्लेडने तिरपी कापायची. तिरपी अशासाठी, की सरळ कापली तर जोडावरून जाताना ‘टक्’ असा आवाज येतो. मग चमकणाऱ्या बाजूला चिकटपट्टीचा गव्हाएवढा तुकडा लावायचा, नखाने दाबायचा, कडेला उरलेलं छाटायचं. चुरगळलेला भाग वाचवता येण्यासारखा नव्हता, तो कापूनच टाकावा लागला. पट्टी टेपमध्ये सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते. मी साडेनऊ सेंटिमीटर कापली. म्हणजे गाण्यातली दोन सेकंदं गेली. तेवढं नुकसान सांगून टाकायचं, लपवायचं नाही, असा माझा रिवाज होता.

जोड धरतो की नाही हे बघायला मी कॅसेट दुकानाच्या मोठ्या डेकवर लावली. बाहेरचा भोंगा चालूच होता. जोड अगदी ‘मां रेवा’वर आला होता. मला तेव्हा गाण्याचं नावही माहीत नव्हतं. सुरुवात सावकाश होते, तालाला घाई नाही. मग आवाज वाढत जातो, आणि सगळे मिळून ‘मां रेवा’ अशी साद घालतात तेव्हा ती भजनात घालतात तशी नसते. डोंगरात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या माणसाला हाक मारावी, तशी असते. मी हातातला पेचकस खाली ठेवला.

दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारी बाई बसली होती. तळोद्याच्या गाडीची वाट बघत तिथे नेहमीच कुणी ना कुणी बसायचं. ती उठून आत आली आणि भोंग्याकडे बोट करून म्हणाली, ‘भाऊ, हे कुठलं?’

‘दिल्लीच्या लोकांचं आहे, माय.’

‘दिल्लीला कुठं रेवा?’

मी तिला गाव विचारलं. ती रेवानगरची. आपल्या वाचकांना सांगायला हवं की धरणात जमीन गेलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या लोकांसाठी तळोदा तालुक्यात ज्या वसाहती वसवल्या, त्यांपैकी एकीचं नाव रेवानगर आहे, एकीचं नर्मदानगर, एकीचं सरदारनगर. मायचं मूळ गाव अक्कलकुवा तालुक्यात नदीकाठी. वसाहतीतून नदी दिसत नाही, मध्ये सातपुडा आहे.

ती म्हणाली, हे गाणं आमचं नाही. आम्ही असं म्हणत नाही. हे परकम्मावाल्यांचं. नर्मदेची परिक्रमा करणारे लोक तिच्या गावातून जायचे, रात्री ओट्यावर मुक्काम करायचे, सकाळी निघताना असलं काहीतरी म्हणत जायचे. मध्य प्रदेशातल्या निमाडकडचे लोक. तिची चूक नव्हती. गाण्याची बोली निमाडीच आहे. म्हणजे आपल्या लेखकांचं म्हणणंही खोटं नाही, हे मी इथे कबूल करतो. ते भक्तिगीत आहेच. अमरकंटकापासून निघालेल्या नदीची ती स्तुती आहे, तिचं पाणी निर्मळ आहे आणि ते खळखळ वाहत जातं असं तिला सांगितलं आहे.

मायने ते परत लावायला सांगितलं. मी पट्टी मागे घेतली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने एक प्रश्न विचारला, जो मला आधी समजलाच नाही.

‘हे भरलं तेव्हा पाणी वाहत होतं का?’

मी म्हटलं, माय, हे दिल्लीला भरलेलं आहे, पाण्याचा काय संबंध. ती समजावून सांगायला लागली. तिला वाटलं होतं की हे नदीवर जाऊन भरलं असेल, जसे आमच्याकडे लोक होळीवर जाऊन ढोल भरतात. आणि नदीवर भरलं असेल तर कधी भरलं हे तिला जाणून घ्यायचं होतं. कारण, ती म्हणाली, आता तिकडे पाणी उभं आहे. ती मागच्या होळीला जुन्या गावाकडे जाऊन आली होती. पाणी आहे, खूप आहे, पूर्वी कधी नव्हतं एवढं आहे. पण रात्री आवाज येत नाही. लहानपणापासून ज्या आवाजात झोपली, तो नाही, म्हणून रात्रभर तिला झोप लागली नाही.

एवढ्यात तळोद्याची गाडी लागली आणि ती गेली. जाताना कॅसेट विकत मागितली नाही. तिच्याकडे टेप नव्हता.

संध्याकाळी तो मुलगा आला. मी त्याला दोन सेकंदं गेल्याचं सांगितलं आणि मायचं सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘यातला बास वाजवणारा आमच्याबरोबर होता, दादा. तिथल्या गावांत राहिलाय.’ त्याने पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत. पुढे त्याची माझी भेट झाली नाही. मी स्वतःसाठी ‘कंदिसा’ नाशिकहून विकत आणली. माझ्या कॅसेटीत ती दोन सेकंदं आहेत, पूर्ण आहेत. तरीही त्या जागेवर गाणं आलं की मी आजही थबकतो.

तर संपादक महोदय, मला म्हणायचं आहे ते एवढंच. ‘पाणी खळखळ वाहतं’ ही ओळ शंभर वर्षांपूर्वी म्हटली तर स्तुती होती. १९९३ च्या पावसाळ्यात आमच्याकडच्या नदीकाठच्या मणिबेली गावात पाणी शिरल्यानंतर, १९९९ मध्ये तशाच डोमखेडीला चढत्या पाण्यात लोक हटून उभे राहिल्यानंतर, महाराष्ट्रातल्या ३३ गावांची नावं बुडिताच्या यादीत लागल्यानंतर तीच ओळ म्हटली, तर ती साक्ष होते. काय होतं त्याची साक्ष. बँडने एक शब्दही नवा घातला नाही. धरणाचं नाव घेतलं नाही, घोषणा दिली नाही. परिक्रमावाशांचे शब्द जसेच्या तसे ठेवले आणि ते म्हणणाऱ्याच्या आवाजात हाक आणली. आंदोलनात राहून आलेल्या माणसालाच हे सुचू शकतं, असं मला वाटतं. ज्याने खोऱ्यातल्या रात्री ऐकल्या नाहीत, त्याने या गाण्याचं गोड भजन केलं असतं.

धरणाचं बरं-वाईट या पत्रात मांडायचं नाही. आमच्या शहाद्याची नदी गोमाई, पुढे प्रकाश्याला ती तापीला मिळते, आणि पाण्याची किंमत आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना कुणी शिकवायला नको. पण गाण्याबद्दल लिहायचं तर गाणं ज्या पाण्याबद्दल आहे त्याचं काय झालं हे लिहावं लागेल. पुढे १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचं लोकार्पण झालं, उंची १३८.६८ मीटर. मायने सांगितलेलं उभं पाणी तेव्हापासून आणखी किती वर गेलं असेल, याचा विचार मी नकाशा घेऊन करत बसलो होतो.

लेखात दुसरं एक विधान आहे की हे संगीत महानगरांतल्या कॉलेजांच्या महोत्सवांत वाढलं आणि तिथल्याच मुलांचं राहिलं. वाढलं असेल. पण ‘कंदिसा’ नीट ऐकली तर ती कुठल्या एका शहरात राहणारी नाही. सातच गाणी आहेत. अल्बमला ज्याचं नाव दिलं ते ‘कंदिसा’ गाणं केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेवरून आलं आहे, भाषा सुरियानी, येशूच्या बोलीच्या घराण्यातली. देव पवित्र आहे, सामर्थ्यवान आहे, अमर आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘हिले ले’ भोजपुरी आहे, गोरख पांडे या कवीचं. जनतेची पलटण येते आहे आणि जग हलतं आहे, असं त्यात आहे. पांडे १९८९ मध्ये गेले, त्यांना हे ऐकायला मिळालं नाही. ‘मां रेवा’ निमाडी. उरलेल्यांत हिंदी. ‘लीव्हिंग होम’मध्ये सुस्मित सेन यांची गिटार जे बोलते त्याला शब्दांची गरज लागत नाही. एका कॅसेटीत देवळाच्या वाटेवरचं गाणं, चर्चमधली प्रार्थना आणि मोर्चातलं गाणं शेजारी शेजारी बसली आहेत, आणि एकानेही दुसऱ्याला हटकलेलं नाही. माझ्या दुकानाच्या फळीवर या सगळ्यांचे कप्पे वेगवेगळे होते.

गाणी लांब आहेत. ही तक्रार त्या काळी पुष्कळांनी केली. मला एका कॉलेजच्या पोराने कोऱ्या कॅसेटवर भरायला यादी आणून दिली होती, त्यात या अल्बममधली तीन गाणी होती आणि तेवढ्यातच जवळजवळ एक बाजू संपली. तो म्हणाला, ‘मधलं वाजवणं कापता येणार नाही का?’ मी नाही म्हटलं. कापता आलं असतं. पण असीम चक्रवर्तींचं गाणं आणि त्यांचाच तबला एकाच माणसाच्या दोन हातांत आणि एका गळ्यात कसा चालतो, हे ऐकायचं तर त्या मधल्या जागाच ऐकायला हव्यात. ते मांडी घालून बसत, पुढ्यात तबला, आणि गाता गाता ताल बदलत. गाणाऱ्याने स्वतःच ठेका धरला की श्वास आणि सम यांच्यात कुणी तिसरा उरत नाही. आमच्याकडचा ढोलवाला होळीला नाचता नाचता वाजवतो, तेव्हा तो असाच एकजीव होतो. म्हणून मला हे संगीत कधी परकं वाटलं नाही. इंग्रजी नावाचा बँड, दिल्लीचे लोक, तरी नाही.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले, हृदयविकाराने. वय अवघं ५२. मी ती बातमी दुसऱ्या दिवशी वाचली आणि दिवसभर दुकानात दुसरं काही लावलं नाही. करोल बागेतल्या खजूर रोडवरच्या ज्या जुन्या घरात हे चौघे वर्षानुवर्षं तालीम करायचे, त्या घराचा नंबर १६/३३०. तोच पत्ता त्यांनी पुढच्या अल्बमला नाव म्हणून दिला आणि २०१० मध्ये त्यातली गाणी लोकांना फुकट उतरवून घेऊ दिली. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बँडमधून बाहेर पडले. ‘ब्लॅक फ्रायडे’ सिनेमातलं ‘बंदे’ ऐकून आजच्या पिढीला हे नाव माहीत झालं, आनंदच आहे. पण त्या गाण्यातल्या आवाजाची ताकद कुठून आली ते शोधायचं तर ‘कंदिसा’पर्यंत मागे जायला हवं.

माझ्या आपल्याला दोन विनंत्या. पहिली, ‘कंदिसा’ हा दुसरा स्टुडिओ अल्बम आहे, अशी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी. छोटी चौकट पुरेल. दुसरी, आपल्या लेखकांना शक्य असेल तर त्यांनी ‘मां रेवा’वर स्वतंत्र लिहावं, आणि लिहिण्याआधी एकदा तळोद्यापासून रेवानगरपर्यंत जाऊन यावं. माय आता नसतील. मी त्यानंतर दोनदा चौकशी केली, पण नाव विचारून ठेवलं नव्हतं, ही माझी चूक. पण तिच्या वयाचे नसले तरी तिच्या हाताखाली वाढलेले लोक तिथे आहेत. नदीचा आवाज कसा होता, हे ते अजून सांगू शकतील.

ते आले तर माझ्या दुकानातही यावं. डोंगरातल्या लोकांनी प्रती काढायला आणलेल्या कॅसेटींपैकी काहींची मूळ प्रत मी तेव्हा ठेवून घेतली होती, त्यांच्या परवानगीने. अशा चौदा कॅसेटी आहेत. काठीच्या राजवाडी होळीचे ढोल आहेत, लग्नातली गाणी आहेत, एकीवर जीवनशाळेतल्या, म्हणजे आंदोलनाने खोऱ्यात चालवलेल्या शाळेतल्या मुलांनी सूर धरून म्हटलेले पाढे आहेत. एक कॅसेट कुणीतरी नदीकाठी बसून भरलेली आहे. गाणारे दोघे आहेत आणि मागे सतत पाणी ऐकू येतं. पूर्वी मी त्याला खरखर समजायचो आणि डेकचं हेड स्पिरिटने पुसत बसायचो. दोन कॅसेटींना बुरशी लागायला सुरुवात झाली आहे, बाकीच्या ठीक आहेत. डेकचा बेल्ट मी नवा बसवला आहे. या कॅसेटी संगणकावर नीट उतरवून देणारं कुणी आपल्या माहितीत असेल तर कळवावं, येण्या-जाण्याचा खर्च मी देईन. दुपारी दोन ते चार दुकानात निवांत असतं.

आपला नम्र,
एक जुना कॅसेट दुकानदार
शहादा, जि. नंदुरबार